मी गेलो होतो कानासाठी

...नाही, पण मला आधी एक सांगा, कान दाखवायला आलेल्या माणसाला "तुमच्या जगण्याला अर्थ कशानं येतो" असं विचारणं ही काय पद्धत झाली? कान म्हणजे कान हो. हा, हा उजवा. त्यात गुणगुण सुरू झाली होती, बारीक, एकसुरी, शेजारच्या खोलीत फ्रिज चालू असावा तशी, आणि फ्रिज निदान मधूनमधून बंद तरी होतो, ही बंदच होईना. एकवीस दिवस कळ काढली. मग गेलो कानाच्या डॉक्टरकडे. साधा सरळ माणूस मी, दात दुखला की दाताच्या, कान वाजला की कानाच्या. त्यानं कानात दिवा घातला, नादकाटा वाजवून कपाळाला लावला, काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. तुम्हाला सांगतो, एक आवाज सुटला नाही माझा. तो बाहेर येऊन म्हणतो, "काका, तुमचा कान विशीतल्या मुलासारखा आहे." म्हटलं, मग वाजतो का? तर म्हणे, "कानात काही नाही. ही चिठ्ठी घ्या आणि वरच्या मजल्यावर जा."

आता वरच्या मजल्यावर काय असावं? मोठं मशीन असेल, मोठा डॉक्टर असेल. गेलो वर, तर पाटी. 'मानसोपचार.' मी जिन्यातच थिजलो. आधी खाली बघितलं, मग वर बघितलं, ओळखीचं कुणी नाही ना. चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, दुसऱ्या कुणाची तर नाही? नाही, माझंच नाव, माझंच वय. दार उघडलं तर आत एक बाई. बाई कसली, मुलगीच, माझ्या मुलीच्या वयाची. दोन खुर्च्या, मध्ये टेबलावर कागदी रुमालांचा डबा, कोपऱ्यात कुंडी, आणि घड्याळ असं ठेवलेलं की ते फक्त तिलाच दिसावं. मला म्हणते, "काका म्हटलं तर चालेल ना?" म्हटलं, कान बरा करणार असाल तर काहीही म्हणा.

"कधीपासून वाजतोय?"

"चौदा तारीख, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

तिनं पेन खाली ठेवलं. "इतकं नेमकं?"

आता हे तुम्हालाही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, म्हातारा फेकतोय. चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होतो मी. लघुलेखक. म्हणजे वर साहेब, समोर साक्षीदार, दोन बाजूंना दोन वकील, आणि या सगळ्यांच्या मधोमध खालच्या टेबलावर मी, मान खाली, वही आणि पेन्सिल. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. चौघं एकदम ओरडले तरी चौघांचं वेगवेगळं. सगळे मला 'टेप' म्हणायचे. आम्हाला लघुलिपी शिकवणारे सर पहिल्याच दिवशी काय म्हणाले माहीत आहे? "मुलांनो, अर्थाच्या नादी लागू नका. अर्थ ऐकत बसलात की पुढचे सहा शब्द गेले. तुम्ही नळी आहात. इकडून आलं, तिकडून गेलं." झालो मी नळी. चांगली नळी झालो. माझ्यातून खून गेले, घटस्फोट गेले, भावाभावांची भांडणं गेली, कशाचा म्हणून ओरखडा नाही. एका बाईनं एकदा अडीच तास साक्ष दिली, कोर्टातला शिपाईसुद्धा डोळे पुसत होता, आणि संध्याकाळी आमच्या हिनं विचारलं, "आज काय झालं हो?" तर मी म्हटलं, "एकेचाळीस पानं."

आणि हुंदका लिहायचा नाही. हाही नियमच. साक्षीदार ढसाढसा रडू दे, पेन्सिल थांबवायची. साहेब वरून म्हणाले, "साक्षीदार रडू लागली, नोंद घ्या," तरच लिहायचं. नाहीतर तो रडलाच नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. मला वाटलं, आता लिहून देईल थेंब. तर मान तिरकी करून विचारते काय, "इतकी वर्षं इतक्या लोकांची दुःखं तुमच्यातून गेली, त्यातून तुम्हाला स्वतःला काय मिळालं? जगण्याला अर्थ कशानं येतो तुमच्या?"

मी गेलो होतो कानासाठी हो.

म्हटलं, "बाई, अर्थ बघायचं काम माझ्याकडे नव्हतं. ते साहेब बघायचे." यावर ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. उलट आणखी पुढे गेली, "देवाला मानता?" आता हे कुठल्या फॉर्मवर असतं? म्हटलं, मानतो, रोज मानतो, आंघोळ झाली की अंग पुसता पुसता प्रार्थना म्हणतो, आईनं शिकवलेली, दोन मिनिटं दहा सेकंद. "ती म्हणताना समोर कोण असतं?" म्हटलं, गीझर. "नाही, म्हणजे मनात. कुणाशी बोलता?" पन्नास वर्षं म्हणतोय ती प्रार्थना. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण कुणाला उद्देशून, हा रकाना पन्नास वर्षं कोराच. आपण रोज सकाळी नेमाने उभं राहून कुणाशीच बोलत नव्हतो, हे माणसाला बाहेरच्या खोलीत बसलेल्या तीन पेशंटांना ऐकू जाईल अशा ठिकाणी कळावं?

मग म्हणते, "पाच मिनिटं काहीच न बोलता बसू या." बसलो. कान वाजतोय, कुंडी हलत नाही, घड्याळ तिच्या बाजूला. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "काका, तुमचा हात." बघतो तर काय, माझं बोट गुडघ्यावर चाललंय. मी आत आल्यापासून ती जे जे बोलली ते सगळं बोट पँटवर उतरवत होतं. लघुलिपीत. माझी परवानगी नाही, माझं लक्ष नाही. मी तो हात उचलून दुसऱ्या हाताखाली दाबला आणि म्हटलं, येतो मी. तर म्हणे पुढच्या मंगळवारी याच वेळी.

मी जाणार नव्हतो. शपथेवर सांगतो, जाणार नव्हतो. पण त्या आठवड्यात घरी एक गोष्ट घडली. दिवाणखान्यात बॅग आली. मोठी, चाकांची. उघडी, भिंतीशी. तिच्यात तळाला दोन साड्या. मी हिला विचारलं, ही कुणाची? ही म्हणाली, "एक तारखेला ताईकडे जातेय." म्हटलं, किती दिवस? "बघू." बस. आता चौतीस वर्षांत किती साक्षीदारांनी "बघू" म्हटलेलं मी लिहिलंय, एकदाही पेन्सिल अडली नाही. त्या दिवशी मी खुर्चीत बसून ते 'बघू' केवढं असेल याचा हिशोब करत राहिलो आणि कान आणखी जोरात वाजायला लागला. दुसऱ्या दिवशी बॅगेत औषधांचा डबा गेला. तिसऱ्या दिवशी स्वेटर. अहो, स्वेटर! तेव्हा चांगलाच उकाडा होता. स्वेटर कुणी कधी नेतं? थंडीपर्यंत राहायचं असेल तरच ना?

तर गेलो मंगळवारी. कानासाठीच.

मुलगी म्हणाली, "घरी कोण असतं?" म्हटलं, ही असते. "कशा आहेत त्या?" म्हटलं, गप्प आहे. "कधीपासून?" मी म्हटलं, "चौदा तारीख, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, काही चुकलं का. मग ती अगदी हळू म्हणाली, "काका, मागच्या आठवड्यात कान कधीपासून वाजतो असं सांगितलंत?" मी सांगायला लागलो, "चौदा तारीख, मंगळ..." आणि तिथंच मला ऐकू आलं. दोन्ही वाक्यं माझीच. दोन्ही तोंडपाठ. आठवडाभर दोन्ही माझ्याजवळ होती आणि मी एकदासुद्धा एकाशेजारी एक ठेवून पाहिली नव्हती. कोर्टात हे कुणी केलं असतं तर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं असतं त्याच्याकडे.

"नऊ दहाला काय झालं होतं?"

आता हे सांगायला मला लाज वाटते, पण तिला सांगितलं, तुम्हालाही सांगतो. मी रिटायर झालो. घरी बसलो. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकली, तिथं उजेड बरा येतो. आणि मला कळलं की ही बोलते. ओटा पुसताना, डबे भरताना, पुटपुटत असते. देवाशी. प्रार्थना नव्हे हं, बोलणं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मला पत्ता नाही, कारण साडेआठला मी घराबाहेर. आता आवाज कानावर पडला की हात काय करणार? वही जवळच होती. नऊ सकाळी, अकरा पानं. बरं, लघुलिपीतलं टिपण टाइप न करता पडून राहिलं की मला जेवण गोड लागत नाही. म्हणून टाइप केलं. स्वच्छ, दुहेरी अंतर सोडून, समास राखून, वर मथळा 'स्वयंपाकघर, सकाळचं सत्र', तीन प्रती. आणि चौदा तारखेला चहा झाल्यावर हिच्यापुढे ठेवलं. खाली ठिपक्यांची ओळ आखलेली, 'वाचून पाहिले, बरोबर आहे', सहीसाठी. पेनसुद्धा टोपण काढून दिलं.

त्या मुलीनं डोळे मिटून घेतले. म्हणजे मानसोपचारवालीनं. तिचं कामच ऐकायचं, तिनं डोळे मिटले, यावरून समजा.

अहो, मला वाटलं ही खूश होईल! इतक्या काळजीनं तिचा शब्द न् शब्द कुणी उतरवला होता आजवर? ही उभ्यानं वाचत गेली. अकराच्या अकरा पानं. मग पेनाला टोपण लावलं, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "तुम्ही वाचलंत हे?" मी म्हटलं, "वाचलं म्हणजे काय, दोनदा ताडून पाहिलं. एक चूक सापडणार नाही तुला." घड्याळात नऊ दहा. त्यानंतर स्वयंपाकघरातून चकार शब्द नाही. माझ्याशी दोनच वाक्यं. "चहा ठेवलाय." "दार लावून घ्या." देवाशी तर तेवढंही नाही. तिचं देवाशी बोलणंच मी बंद पाडलं हो, आणि तेही हाताशी तीन प्रती ठेवून.

"काय होतं त्या पानांत?" मुलगी म्हणाली.

"सगळं पाठ आहे."

"थोडक्यात सांगा."

"थोडक्यात मला येत नाही. ते वकिलांचं काम. मी शब्दशः म्हणतो."

"म्हणा. पण हळू. एक वाक्य म्हणायचं आणि थांबायचं."

हळू? मी आयुष्यात हळू बोललेलो नाही. पण सुरू केलं. "देवा, आज दूध नासलं. यात तुझा हात नाही हे मला माहीत आहे, पण सांगू कुणाला." थांबलो. "देवा, हा गुडघा तू बघणार आहेस की मी बघू, एकदा काय ते ठरव." थांबलो. मुलीच्या ओठांच्या कडा हलल्या. आणि मला, खरं सांगतो, मलाही गंमत वाटली. ही विनोदी बोलते हे मला माहीतच नव्हतं. मी ते टाइप केलंय, स्वल्पविराम कुठं ते सांगू शकतो, पण हसू आज येत होतं.

मग आलं पान सात. मी आपला म्हणत होतो. "देवा, हे आता घरीच असतात. दाराशी खुर्ची टाकून बसतात. मला वाटलं, माझ्याशी बोलायला बसले." थांबलो. "चौतीस वर्षं ह्यांनी परक्यांचं ऐकलं. चोरांचं ऐकलं, खुन्यांचं ऐकलं, खोटं बोलणाऱ्यांचंसुद्धा मान खाली घालून ऐकलं. माझी तक्रार नाही, घर त्यावर चाललं. पण ते सगळे आता गेले. आता ह्यांच्या कानात थोडी जागा रिकामी झाली असेल. तेवढी मला मिळू दे. फार नको. मी फार बोलत नाही, तुला माहीत आहे."

थांबलो. तिनं सांगितलं म्हणून नाही. पुढचं येईना. म्हटलं, हे कोण बोललं? हे कुठल्या खटल्यातलं? पान सात, ओळ चौदा, मीच टाइप केलं होतं. दोनदा ताडून पाहिलं होतं. आणि जिनं देवाकडे एवढीशी जागा मागितली, तिच्यापुढे तेच ठेवून मी म्हटलं होतं, सही कर. समोरचं दिसेना. खुर्चीचा हात घट्ट धरला. काहीतरी गरम गालावरून आलं, शर्टावर पडलं. खोलीत साहेब नव्हते. कुणीच काही म्हणेना, आणि असं कसं चालेल, नियम आहे ना? शेवटी मीच म्हटलं, "बाई... साक्षीदार रडू लागला. नोंद घ्या."

मी गेलो होतो कानासाठी. कागदी रुमालांचा अर्धा डबा संपवून आलो.

निघताना तिनं गृहपाठ दिला. माझ्या वयाला. दोन गोष्टी. एक, दाराशी बसायचं, पण वहीशिवाय. दुसरी, प्रार्थना करायची, पण पाठ असलेली नाही. पहिली मला सोपी वाटली. दुसरीनं घाम काढला. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, गीझरसमोर उभा राहिलो, हात जोडले, म्हटलं, "देवा..." आणि पुढं काही नाही. पुढचा शब्द सांगायला कुणी नाही! आयुष्यभर दुसरा बोलणार, मग मी लिहिणार. अंग वाळलं, पाय गारठले, ही बाहेरून म्हणाली, "पाणी बंद करा." पाणी बंदच होतं. शेवटी काय सुचलं सांगू? म्हटलं, "देवा, माझं वेगळं काही म्हणणं नाही. हिनं जे जे सांगितलंय, ते सगळं मला मान्य आहे. त्याखाली माझी सही घे." आठ सेकंद लागले. पण कुणाला उद्देशून, तो रकाना त्या दिवशी भरला.

मग खुर्चीत बसलो. वही नाही, आणि बोट गुडघ्यावर चालू लागू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ही आली, माझ्याकडे पाहिलं, हात कुठं आहेत ते पाहिलं आणि ओट्याकडे वळली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बॅगेत चष्म्याचं घर गेलं. चपलांचा जोड गेला. एकोणतीस तारीख आली. हात पार बधिर, तरी बसलो. आणि सकाळी डबे पुसता पुसता ही बोलायला लागली. आधी एक वाक्य. मग आणखी एक. मग थांबेचना. देवाशी की माझ्याशी, मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. अर्धा तास. आणि तुम्हाला सांगतो, मला सगळं कळत होतं. ती किती थकली होती ते कळलं. साडेआठला दार बंद झालं की घर कसं व्हायचं ते कळलं. मी त्या खुर्चीत असाच बसून राहीन आणि एक दिवस उठणारच नाही, याची तिला भीती वाटते ते कळलं. मी उठलो, तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेले डबे पुसायला लागलो.

ही वळली. म्हणाली, "काय म्हणाले मी आत्ता?"

मी तोंड उघडलं... आणि काही नाही. कोरं. एक शब्द आठवेना. मिनिटाला एकशे चाळीसवाला माणूस मी, चौतीस वर्षांपूर्वीचा जबाब आजही म्हणून दाखवीन, आणि आत्ताचं वाक्य नाही! म्हटलं, "शब्द आठवत नाहीत गं. पण कळलं सगळं."

"शब्द आठवत नाहीत?" ही कमरेवर हात ठेवून. "चोरांचं पानंच्या पानं पाठ, आणि मी अर्धा तास घसा फोडला त्यातला एक शब्द आठवत नाही? मग ऐकत काय होतात?" आणि तरातरा बाहेर गेली, बॅगेतला स्वेटर उपसला, औषधांचा डबा उपसला. मी घाबरत विचारलं, "अगं, जायचं नाही का?" तर म्हणते, "कशी जाऊ? आता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार."

तेव्हापासून सांगतेय. रोज. तेहतीस वर्षांतलं नववं वर्ष चालू आहे सध्या. माझी तक्रार नाही, मी डबे पुसतो. पण कान... अहो, कान अजून वाजतोच आहे! परवा त्या मुलीकडे गेलो, म्हटलं, बाई, देव झाला, अर्थ झाला, रडून झालं, बायको घरी थांबली, सगळं तुमच्या कृपेनं झालं, पण मी मुळात आलो होतो ते या कानासाठी. त्याचं काय?

तिनं शांतपणे एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "काका, कानाचं मला काही कळत नाही. खालच्या मजल्यावर दाखवा."